मोटारीतील बाष्प : निदान आणि निवारण

मोटारीच्या काचा आतून धुरकट होणे ही बहुतेक वाहनचालकांना किरकोळ गैरसोय वाटते आणि हाताच्या पालथ्या बाजूने किंवा डॅशबोर्डवर टाकून ठेवलेल्या फडक्याने काच पुसून ते पुढे निघतात. परंतु पुसलेली काच दोन-तीन मिनिटांत पुन्हा धुरकट होते, कारण पुसण्याने काचेवरचे पाणी तेवढे हलते आणि ते जिथून येते तो स्रोत तसाच राहतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दर सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते, म्हणजे काच पुसायला लागणाऱ्या तीन सेकंदांत ती ६५ मीटरहून अधिक अंतर अशा अवस्थेत जाते की चालकाचा एक हात स्टिअरिंगवर नसतो आणि नजर रस्त्यावर नसून काचेवर असते. त्यामुळे या प्रश्नाकडे सुरक्षिततेचा प्रश्न म्हणूनच पाहिले पाहिजे, आणि त्याचे निदान करताना बाष्प काचेच्या कोणत्या बाजूला आहे व ते कोठून येते या दोन गोष्टी उपायाच्या आधी ठरवल्या पाहिजेत.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हे निदान विशेष महत्त्वाचे ठरते, कारण क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात हवामानाच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा एकत्र नांदतात. पश्चिमेकडील अकोले तालुक्यात, भंडारदरा, रतनवाडी आणि घाटघर या सह्याद्रीच्या ऐन धारेवरील गावांत, पावसाळ्याचे चार महिने हवा जवळजवळ सतत ओलीचिंब असते आणि घाटघरला कित्येक वर्षी ५,००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो. याउलट पर्जन्यछायेत असलेल्या अहिल्यानगर शहराच्या परिसरात वर्षभराचा पाऊस त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका असतो, मात्र डिसेंबर-जानेवारीत तेथील किमान तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. या दोहोंच्या मधला प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांवर भिजणारा उसाचा पट्टा, म्हणजे राहुरी, श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव हा भाग, हिवाळ्याच्या पहाटे धुक्याखाली असतो. गाडी एकच, चालक एकच, तरीही जुलैत भंडारदऱ्याच्या वाटेवर जो उपाय लागू पडतो तो जानेवारीत नगर-मनमाड रस्त्यावर अपुरा किंवा अनावश्यक ठरतो. म्हणून ‘काच धुरकट झाली की अमुक बटण दाबावे’ असा सरसकट नियम शिकवण्यापेक्षा त्या बटणामागचे कारण समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

हवेत पाण्याची वाफ अदृश्य रूपाने नेहमीच असते. ती किती सामावू शकेल हे हवेच्या तापमानावर अवलंबून असते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ सामावून घेते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशांना केवळ ९.४ ग्रॅम. या कमाल क्षमतेच्या तुलनेत हवेत प्रत्यक्ष किती वाफ आहे त्याच्या टक्केवारीला सापेक्ष आर्द्रता म्हणतात, आणि हवा थंड होत होत ज्या तापमानाला तिची क्षमता संपते, म्हणजे आर्द्रता शंभर टक्के होते, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. एखाद्या पृष्ठभागाचे तापमान त्याला लागून असलेल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा खाली गेले की त्यावर पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो तो याच कारणाने. मोटारीत काच हा अस्तर नसलेला आणि म्हणून आतून लवकर थंड होणारा भाग असल्याने बाष्प तिच्यावर प्रथम दिसते, परंतु ते दिसत नसले तरी छताच्या अस्तरामागील पत्र्यावर, दरवाज्यांच्या पोकळीत आणि बैठकीखालच्या लोखंडी पट्ट्यांवरही ते जमलेले असू शकते.

आता या वाफेचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. मध्यम आकाराच्या मोटारीतील हवेचे आकारमान साधारण तीन घनमीटर असते, म्हणजे २० अंशांना त्या हवेत जास्तीत जास्त ५० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस श्वासातून आणि त्वचेवाटे तासाला साधारण ३० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार जण बसलेल्या बंद गाडीत तासाला १२० ते २०० ग्रॅम वाफ तयार होते, आणि हवा बदलत नसेल तर अर्ध्या तासाच्या आतच, सुरुवातीची हवा दमट असल्यास त्याहूनही लवकर, काचा धुरकट होऊ लागतात. त्यात हरिश्चंद्रगडावरून पाचनईला उतरलेल्या किंवा कळसूबाईवरून बारी गावात परतलेल्या मंडळींचे भिजलेले बूट, रेनकोट आणि पाठपिशव्या डिक्कीत वा पायांशी ठेवल्या तर श्वासाच्या कित्येक पट पाणी गाडीत शिरते. अशा सामानासाठी जाड प्लॅस्टिकची झाकण असलेली पेटी किंवा तोंड घट्ट बांधता येणारी पिशवी गाडीत कायम ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित उपाय होय.

बाष्प कोणत्या बाजूला आहे

गाडी सुरक्षित जागी थांबवून काचेवर आतून बोट फिरवावे. रेघ उमटली तर बाष्प आतल्या बाजूला आहे. रेघ उमटली नाही आणि वायपरचा एक फेरा मारताच काच स्वच्छ झाली तर ते बाहेरच्या बाजूला आहे. ही चाचणी इतकी साधी आहे की ती सहसा केलीच जात नाही, आणि पावसाळ्यात घाटरस्त्यांवर होणारा गोंधळ बव्हंशी येथूनच सुरू होतो. पावसाळ्यात भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी बाहेरची हवा २१-२२ अंशांची आणि जवळजवळ संपृक्त, म्हणजे वाफेने पूर्ण भरलेली, असते. अशा वेळी एसी सर्वांत कमी तापमानावर ठेवून त्याचा झोत पुढच्या काचेवर सोडला तर काच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड होते आणि तिच्या बाहेरच्या अंगावर धुके धरते. चालकाला वाटते की एसी कमी पडतो आहे. तो एसी आणखी वाढवतो आणि धुके आणखी दाट होते. येथे उपाय नेमका उलटा आहे: वायपर फिरवावा, झोत काचेवरून काढून अंगाकडे व पायांकडे वळवावा आणि तापमान २४-२५ अंशांपर्यंत वाढवावे.

बाष्प आतल्या बाजूला असेल तर एसी बंद न करता चालू करावा. एसीचे काम केवळ गारवा देणे एवढेच नाही, तर त्याहून महत्त्वाचे म्हणजे हवा कोरडी करणे हे आहे, ही गोष्ट पुष्कळ चालकांच्या लक्षात आलेली नसते. डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या थंड जाळीवरून, जिला गॅरेजमध्ये कूलिंग कॉईल म्हणतात, हवा वाहताना तिच्यातील वाफेचे पाणी होते, ते कॉईलखालच्या तबकडीत जमते आणि एका नळीवाटे गाडीखाली गळून जाते. उभ्या गाडीखाली दिसणारे पाण्याचे लहानसे थारोळे ते हेच. पावसाळ्यात बाहेरची हवा स्वतःच संपृक्त असल्यामुळे नुसत्या उघड्या खिडकीने काच पूर्ण साफ होत नाही आणि हवा कोरडी करणारी कॉईल कामाला लावणे आवश्यक ठरते. म्हणून एसी चालू, तापमान मध्यम, पंखा वेगात आणि झोत काचेकडे अशी जुळणी करावी. हाताने फिरवण्याची कळ असलेल्या गाड्यांत एसीचे बटण दाबून तापमानाची कळ लाल बाजूकडे थोडी सरकवल्यास हवा आधी कॉईलवर कोरडी होते आणि मग हीटरवरून ऊबदार होऊन काचेवर येते. काच पूर्णपणे साफ झाली की झोत खाली वळवावा, नाहीतर वर सांगितलेले बाहेरचे धुके सुरू होते. अनेक गाड्यांत पुढच्या काचेचे चित्र असलेले एकच बटण दाबले की एसी, पंखा आणि बाहेरची हवा या तिन्ही गोष्टी आपोआप लागतात.

या ठिकाणी रिसर्क्युलेशनच्या बटणाविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण बऱ्याच तक्रारींचे मूळ तेथे असावे असे मानण्यास जागा आहे. गाडीच्या आकृतीत वळलेला बाण दाखवणारे हे बटण बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवते. धुळीच्या रस्त्यावर किंवा ट्रकच्या धुराड्यामागे ते उपयोगी असते, परंतु एकदा दाबलेले बटण दिवसेंदिवस तसेच राहते. एसी बंद आणि रिसर्क्युलेशन चालू ही काचा धुरकट करण्याची सर्वांत खात्रीची जुळणी आहे. एसी चालू असताना आतली हवा फिरवल्यानेही ती कोरडी होते हे खरे, परंतु एसीचा कॉम्प्रेसर मधेच थांबला तर काच झपाट्याने धुरकट होते, शिवाय बंद हवेत कार्बन डायऑक्साइड साचून लांबच्या प्रवासात चालकाला जडपणा आणि झोप येते. त्यामुळे सर्वसाधारण प्रवासात बाहेरची हवा घेणेच हितावह आहे.

ओल्या हवेत एसी मधूनमधून बंद करण्याची सवयही घातक ठरते. इंधन वाचवण्यासाठी चढावर एसी बंद करून पंखा चालू ठेवला की कॉईलवर साचलेले पाणी त्याच पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा वाफ होऊन थेट काचेवर येते आणि काही सेकंदांत पुढचा रस्ता दिसेनासा होतो. घाटाच्या वळणावर असे झाले तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. ज्यांना कॉईल कोरडी ठेवून तिचा कुबट वास टाळायचा असेल त्यांनी ते मुक्कामाच्या अलीकडे, सपाट व ओळखीच्या रस्त्यावर, खिडक्या थोड्या उघड्या ठेवून आणि झोत पायांकडे वळवून करावे.

हिवाळ्यातील स्थिती वेगळी असते. जानेवारीच्या पहाटे राहुरी-कोल्हार भागात बाहेर दाट धुके असले, म्हणजे १० अंशांची हवा शंभर टक्के आर्द्र असली, तरी तिच्यात घनमीटरमागे सुमारे ९.४ ग्रॅमच वाफ असते. तीच हवा गाडीत येऊन २५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या जवळ येते. धुक्यातली हवा गाडीत घेतल्याने काचा अधिक धुरकट होतील ही समजूत त्यामुळे चुकीची आहे. हिवाळ्यात बाहेरची हवा, हीटर आणि काचेकडचा झोत एवढ्यावर बहुतेक वेळा भागते, आणि घाई असेल तर जोडीला एसी चालू करता येतो. इंजिन तापेपर्यंतच्या पहिल्या काही मिनिटांत हीटर गरम हवा देत नाही. तेवढा वेळ समोरासमोरच्या, म्हणजे पुढची एका बाजूची आणि मागची दुसऱ्या बाजूची, अशा दोन खिडक्या बोटभर उघडाव्यात. एसी नसलेल्या जुन्या गाड्यांत आणि काळी-पिवळी जीपमध्ये हाच मुख्य उपाय असतो, आणि प्रवाशांनी थंडीची तक्रार केली तरी चालकाने तो सोडू नये.

रिकाम्या गाडीतले बाष्प

आतापर्यंतचे विवेचन माणसांच्या श्वासातून आणि हवेतून येणाऱ्या वाफेविषयी होते. रात्रभर कोणी न बसलेल्या, काचा बंद असलेल्या गाडीत सकाळी आतून थेंब जमलेले आढळले तर प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. निरभ्र रात्री काच आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, त्यामुळे बाहेरून दव पडणे अगदी स्वाभाविक आहे आणि क्वचित आतूनही पुसटसा थर येऊ शकतो. परंतु थेंब ओघळण्याइतके पाणी आत जमत असेल, आणि ते पावसाळा संपून महिना उलटला तरी थांबत नसेल, तर गाडीत कोठेतरी पाण्याचा साठा आहे असे समजावे. हा साठा बहुधा जमिनीवरच्या गालिच्याखाली असतो. गालिचा वरून कोरडा लागतो, कारण त्याच्याखाली आवाज शोषण्यासाठी घातलेले नमद्याचे किंवा फोमचे जाड अस्तर पाणी धरून ठेवते. दिवसा ऊन लागले की ते पाणी वाफ होऊन वर येते, रात्री काचेवर जमते, सकाळी ओघळून पुन्हा खाली जाते. अशा गाडीत महिनोन्‌महिने काचा पुसत राहणे निरर्थक आहे.

तपासणीसाठी रबरी पायपुसणी काढून चारही पायजागांत गालिच्यावर जुने वर्तमानपत्र अंथरावे, त्यावर पाय देऊन पूर्ण वजन टाकावे आणि कागद ओला होतो का ते पाहावे. नंतर दरवाज्याच्या उंबरठ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी सोडवून गालिच्याची कडा उचलावी आणि हात अस्तरात खोल घालून पाहावा. डिक्कीतील सुट्या चाकाचा खळगाही उघडून बघावा. तेथे साचलेले पाणी वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडत नाही आणि टायर पंक्चर झाल्यावर जॅक गंजलेला सापडतो तेव्हाच कळते. कोणती जागा ओली आहे यावरून पाणी कोठून येते याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो, मात्र गाडी उताराच्या दिशेने उभी असल्यास पाणी वाहत दुसरीकडे गेलेले असू शकते हे ध्यानात ठेवावे.

पुढची डावी पायजागा ओली असेल आणि ओल उन्हाळ्यातही, एसी वापरल्यावरच, वाढत असेल तर कूलिंग कॉईलचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असण्याचा संभव सर्वाधिक असतो, कारण आपल्याकडच्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांत कॉईल डाव्या बाजूला असते. एसी अर्धा तास चालवूनही गाडीखाली पाणी न गळणे ही तिची दुसरी खूण. धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत या नळीच्या तोंडाशी चिखल आणि धूळ बसते, कधी कुंभारीण माशी तेथे मातीचे घर करते. गॅरेजमध्ये हलक्या दाबाच्या हवेने किंवा मऊ तारेने ती मोकळी करता येते. जोराचा दाब वापरल्यास नळी आतून सुटते आणि पाणी पुन्हा गाडीतच सांडते.

पावसानंतरच ओल येत असेल तर पहिला संशय काऊलवर घ्यावा. काऊल म्हणजे पुढच्या काचेच्या खाली, वायपरांच्या मुळाशी, बोनेटच्या मागे असलेली जाळीदार पन्हळ. काचेवरून उतरणारे सारे पाणी तिच्यात येते आणि दोन्ही टोकांच्या छिद्रांतून चाकांमागे निघून जाते. अहिल्यानगर, श्रीगोंदे, पारनेर भागात गाडी सावलीसाठी कडुलिंब, चिंच किंवा बाभळीखाली उभी केली जाते. कडुलिंबाची चिंचोळी पाने आणि त्याहून बारीक अशी चिंच-बाभळीची पर्णिका जाळीतून सहज आत जाते, पावसाच्या पहिल्या सरींत तिचा लगदा होतो आणि छिद्रे बुजतात; मग पन्हळीत चढलेले पाणी बाहेरच्या हवेच्या तोंडातून पंख्याच्या खोक्यात आणि तेथून पायजागेत उतरते. मोठ्या पानांच्या वडा-पिंपळाखाली हा त्रास तुलनेने कमी होतो. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्याच्या आधी, बोनेट उघडून काऊलमधला पालापाचोळा हाताने काढावा आणि तांब्याभर पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी झटपट खाली जाते का ते पाहावे. त्याच वेळी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी कागदी घडी, तपासावा. सनरूफ असलेल्या गाड्यांत छताच्या चारही कोपऱ्यांतून खांबांमधून उतरणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की छताचे अस्तर डागाळते आणि पाणी खांबातून गालिच्याखाली जाते. पाऊस न लागताही पाणी येत असल्याचा भास यातून होतो, कारण छतातले पाणी गाडी वळल्यावर किंवा ब्रेक लावल्यावर उतरते.

दरवाज्यांबाबत एक गैरसमज आहे. खिडकीच्या काचेलगतच्या रबरातून थोडे पाणी दरवाज्याच्या पोकळीत जाणारच, हे रचनेत गृहीत धरलेले असते. ते दरवाज्याच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते आणि आतल्या अस्तरामागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा त्याला आत येऊ देत नाही. खिडकीची मोटर किंवा स्पीकर बदलताना हा पडदा फाडून किंवा अर्धवट चिकटवून दरवाजा बंद केला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गालिचा भिजतो. म्हणून ओल सुरू होण्याच्या आधी गाडीवर कोणते काम झाले होते हे आठवणे फार उपयोगी पडते. पुढची काच बदललेली असणे, मागचा दिवा काढलेला असणे, अपघातानंतर डिक्कीचा पत्रा ठोकून घेतलेला असणे, छतावर सामानाची जाळी बसवण्यासाठी भोके पाडलेली असणे, यांपैकी प्रत्येक ठिकाणी पाण्याला नवी वाट मिळू शकते.

दरवाज्याच्या चौकटीवरील रबर नीट बसते का हे पाहण्यासाठी कागदाचा कपटा रबर आणि दरवाजा यांच्यामध्ये ठेवून दरवाजा लावावा आणि कपटा ओढावा. तो अडखळत निघाला तर दाब योग्य आहे, सहज निसटला तर तेथे रबर दबलेले किंवा दरवाजा ढिला आहे. नेमकी गळती शोधण्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने नळीने, दाब न देता, पाणी प्रथम गाडीच्या खालच्या भागावर आणि मग हळूहळू वर सोडावे. प्रत्येक टप्प्यावर तीन-चार मिनिटे थांबावे. सुरुवातच छतापासून केली तर पाणी सगळीकडून एकदम उतरते आणि कोणत्या जागेतून आले हे कळत नाही. संशयित रबरावर आतून टाल्कम पावडरचा पातळ हात मारल्यास पाण्याची वाट तिच्यावर स्पष्ट उमटते. गळती सापडण्याआधी सर्व सांध्यांवर सिलिकॉन फासण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण त्यामुळे पाणी बाहेर जाण्याची छिद्रेच बुजतात आणि पुढच्या कारागिराचे काम दुप्पट होते.

काचेवरचा थर तेलकट, पुसल्यावर फरफटणारा आणि गोडसर वासाचा असेल तर मात्र ते साधे पाणी नाही. हीटर कोअर, म्हणजे इंजिनाचे गरम कूलंट ज्यातून फिरते आणि गाडीतील हवा तापवते ती डॅशबोर्डमागची लहान रेडिएटरसारखी जाळी, गळत असल्याची ही खूण आहे. कूलंटच्या टाकीतील पातळी वरचेवर कमी होणे आणि गालिचा ओला असण्याबरोबर चिकट लागणे या दोन गोष्टींनी निदान पक्के होते. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते व ते पोटात गेल्यास विषारी असते, त्यामुळे लहान मुले आणि पाळीव प्राणी यांना अशा गाडीतील ओलीपासून दूर ठेवावे. पातळी तपासताना इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज टाकीचे किंवा रेडिएटरचे झाकण उघडू नये. बहुतेक गाड्यांत या दुरुस्तीसाठी डॅशबोर्ड उतरवावा लागत असल्याने ती खर्चिक असते, परंतु पुढे ढकलल्यास इंजिन तापून होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे होऊ शकते.

वाळवणे आणि काच

गळती बंद झाल्यावरही अस्तर भिजलेले राहते आणि ते गालिच्यावरून पंखा लावून वाळत नाही. बैठकी काढून गालिचा उचलणे आणि अस्तर बाहेर काढून उन्हात टाकणे हाच खात्रीचा मार्ग आहे. येथे एक इशारा आवश्यक आहे: अनेक गाड्यांत बैठकीखालून जाणाऱ्या पिवळ्या जोडण्या एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेच्या असतात, त्या अजाणतेपणी सोडवू नयेत, आणि बैठक काढण्याचे काम बॅटरी सोडवून जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे. पत्रा उघडा पडला की गंज दिसतो का तेही पाहून घ्यावे. अस्तरावर काळे-हिरवे ठिपके असतील तर ती बुरशी होय. दम्याचा त्रास असलेल्यांसाठी अशा गाडीतली हवा चांगली नसते, आणि खराब झालेले अस्तर धुण्यापेक्षा बदललेले बरे. वाळवण्यासाठी अकोले तालुक्यातला पावसाळा निरुपयोगी आहे, पण नगर, पाथर्डी, कर्जतकडे मार्च-एप्रिलचे ऊन आणि कोरडा वारा दोन-तीन दिवसांत काम करतो. गाडी उन्हात नुसती बंद उभी करून काही साधत नाही. काचा बोटभर खाली हव्यात, नाहीतर वाफ आतच राहून रात्री पुन्हा काचेवर उतरते.

ओल शोषणाऱ्या पुड्यांचा बराच प्रचार होतो. सिलिका जेलचे मणी आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी धरतात आणि तापवून पुन्हा वापरता येतात. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या त्याहून जास्त पाणी ओढतात, पण त्यांचे द्रावण सांडल्यास पत्रा गंजवते. महिनाभर उभ्या राहणाऱ्या कोरड्या गाडीला या पुड्या उपयोगी आहेत. गालिच्याखाली दोन लिटर पाणी असलेल्या गाडीत अर्धा किलो मणी ठेवून मात्र फरक पडत नाही; तांदूळ किंवा मीठ तर त्याहूनही कमी पडते.

काचेची स्वच्छता ही त्यामानाने लहान पण रोजच्या उपयोगाची गोष्ट. डॅशबोर्डचे प्लॅस्टिक उन्हाने तापून सोडत असलेले पदार्थ, सिगारेटचा धूर आणि हाताचा तेलकटपणा यांचा पातळ थर काचेच्या आतल्या बाजूला बसतो. त्यावर बाष्प लवकर आणि सुट्या थेंबांच्या रूपात जमते, आणि समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्या थेंबांत फुटून डोळ्यांवर येतो. साबणाच्या सौम्य पाण्याने काच धुऊन, स्वच्छ पाण्याने पुसून, शेवटी कोरड्या मायक्रोफायबरच्या फडक्याने चोळून घ्यावी. दाढीचा फेस किंवा शाम्पू काचेवर चोळल्याने थेंबांऐवजी पाण्याचा सलग पापुद्रा बनतो आणि काही काळ स्वच्छ दिसते, परंतु थर जाड राहिल्यास रात्री चकाकी वाढते. पावसात वायपर बंद पडल्यावर काचेवर बाहेरून तंबाखू चोळण्याची चालकांमधली जुनी युक्ती आतल्या बाजूला कधीही वापरू नये. मागच्या काचेवरील डिफॉगरच्या तांबूस रेषा आडव्या दिशेनेच पुसाव्यात. उभे खरडल्याने किंवा चिकटवलेले चित्र ओढून काढल्याने रेषा तुटते आणि तेवढाच पट्टा धुरकट राहू लागतो. मागच्या बंपरआड किंवा डिक्कीच्या बाजूला आतली हवा बाहेर सोडणाऱ्या एकतर्फी झडपा असतात. डिक्की सामानाने गच्च भरून त्यांची वाट अडवली तर पंखा कितीही वेगात ठेवला तरी ताजी हवा आत येत नाही, आणि शिर्डीसारख्या लांबच्या कौटुंबिक यात्रेत नेमके हेच घडते.

उन्हाळ्याच्या अखेरीस काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याला येणारे आणि जागा न मिळाल्याने गाडीतच झोपणारे लोक पुष्कळ असतात. काचा धुरकट होऊ नयेत किंवा गारवा मिळावा म्हणून इंजिन व एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपणे प्राणघातक ठरू शकते, कारण उभ्या गाडीच्या धुराड्यातील कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू आत शिरतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची जाणीव होत नाही. इंजिन बंद, दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे खाली आणि त्यावर डासांची जाळी, एवढेच करावे. सकाळी काच धुरकट झालेली असेल तर ती निघण्यापूर्वी साफ करायला पाच मिनिटे पुरतात.

दुरुस्ती सफल झाली की नाही हे ठरवण्यासाठी आर्द्रता मोजणारे छोटे डिजिटल यंत्र पुरेसे असते आणि ते फारसे महागही नाही. कोरड्या ऋतूत, पाऊस किंवा धुके नसताना, गाडी सावलीत काचा बंद करून दोन-तीन तास उभी ठेवावी, म्हणजे आतले आणि बाहेरचे तापमान जवळजवळ सारखे होते. मग यंत्र आधी बाहेर आणि नंतर मागच्या पायजागेत ठेवून दोन्ही आकडे घ्यावेत. बाहेर ३५ टक्के असताना आत ४० टक्क्यांच्या आसपास आकडा आला तर गाडी कोरडी आहे. आत ७० टक्के दिसत असतील तर काच कितीही स्वच्छ असली तरी पाणी अजून आतच आहे आणि गालिचा पुन्हा उचलावा लागेल.